मेंढपाळीतून विधिमंडळात : सर सॅम्युअल मॅकॉही

ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या पावसाच्या मागावर कळप हाकले, त्या आपल्या समाजास मेंढीचे मोल निराळे सांगावयास नको. मेंढीच्याच बळावर विधिमंडळापर्यंत पोहोचलेल्या एका परदेशस्थ गृहस्थाचे चरित्र समाजबांधवांपुढे ठेवणे म्हणूनच आम्हांस उचित वाटते.

सॅम्युअल मॅकॉही १८३५ साली आयर्लंडात जन्मले. १८५६ साली ते मामांसमवेत ऑस्ट्रेलियास गेले व मेंढ्यांच्या एका कुरणावर नोकरीस राहिले. १८६० साली न्यू साउथ वेल्समधील कूनाँग कुरणात त्यांनी भागी घेतली. पुढे त्यांची कुरणे लाखो एकरांवर पसरली. डार्लिंग नदीकाठच्या त्यांच्या डनलॉप कुरणात १८८८ साली सगळ्या कळपाची लोकर यंत्राने कातरली गेली. असे पूर्वी कोठेही घडले नव्हते.

त्यांचे सर्वच प्रयोग फळास आले असे मात्र नाही. अमेरिकेतील व्हरमाँटची, अंगावर घड्या पडलेली मेरिनो मेंढी त्यांनी आणली. लोकर भारी दिसे, परंतु त्या घड्यांत माशीचा उपद्रव होई व कातरणेही कठीण जाई. परमुलखाचे वाण आपल्या रानास मानवेलच असे नाही, हे आपल्या वडीलधाऱ्यांस ठाऊकच आहे.

१८९५ ते १९०३ या काळातील दुष्काळाने तेथील कळपांचा संहार केला. याच सुमारास, १८९९ साली, मॅकॉही विधानपरिषदेवर गेले. ती नेमणूक होती, लोकांचा कौल नव्हे. परंतु त्यांचे खरे भाषण शेतातच झाले. नॉर्थ यँको येथे मरमबिजी नदीचे पाणी त्यांनी स्वखर्चाने शेकडो मैलांच्या पाटांतून खेळविले. त्या उदाहरणाने सरकारी योजनेस बळ मिळाले. १९०६ साली बरिंजक धरणाचा कायदा झाला व १९१२ साली त्या प्रदेशात कालव्याचे पाणी पोहोचले.

या वैभवाची दुसरी बाजू झाकणे अन्यायाचे होईल. ती भूमी मुळात विरादजुरी लोकांची होती. वसाहतवाल्यांच्या कुरणांनी त्यांना आपल्याच रानात परके केले. चराईचे रान हातचे जाणे म्हणजे काय, हे आपणांस उमगावे.

१९०५ साली त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला; १९१९ साली ते अविवाहित निवर्तले. संपत्तीचा मोठा वाटा त्यांनी सिडनी व क्वीन्सलंड येथील विद्यापीठांस दिला. मेंढीने मिळविलेले धन अखेरीस पाण्यास व विद्येस लागले, यातच त्यांच्या चरित्राचे सार आम्हांस दिसते. कळपामागे चालणाऱ्या पावलांनी पाण्याचा हक्क मागावा आणि मुलांस शाळेची वाट दाखवावी, एवढेच आमचे मागणे.