द गुड विच (दूरचित्रवाणीपट) : प्रेक्षकांची मते

अमेरिकेच्या हॉलमार्क चॅनेलवर १९ जानेवारी २००८ रोजी प्रथम दाखवला गेलेला कौटुंबिक दूरचित्रवाणीपट. दिग्दर्शन क्रेग प्राइस, पटकथा रॉड स्पेन्स. कॅसांड्रा ऊर्फ कॅसी नाइटिंगेल या भल्या चेटकिणीची भूमिका कॅथरीन बेल हिने केली. कथा मिडलटन या काल्पनिक गावात घडते. चित्रीकरण मात्र कॅनडातील ऑंटारिओ प्रांतात झाले. या चित्रपटाचे सहा उत्तरभाग निघाले आणि २०१५ ते २०२१ या काळात ‘गुड विच’ नावाची सात पर्वांची मालिकाही आली. समीक्षकांनी याकडे फारसे लक्ष दिले नाही, प्रेक्षकांनी मात्र दिले. त्यामुळे चित्रपटाची ओळख त्याच्या कथेइतकीच त्याच्याविषयीच्या मतभेदांतूनही होते.

कथानक साधे आहे. गावातल्या ‘ग्रे हाउस’ या ओसाड वाड्यात ‘ग्रे लेडी’चे भूत असल्याची वदंता आहे. एके दिवशी काळ्या कपड्यांतली एक अनोळखी स्त्री तिथे राहायला येते आणि बाजारपेठेत ‘बेल, बुक अँड कँडल’ नावाचे वनौषधी, मेणबत्त्या व चित्रविचित्र वस्तूंचे दुकान थाटते. पोलीसप्रमुख जेक रसेल (क्रिस पॉटर) हा विधुर; ब्रँडन आणि लोरी ही त्याची दोन मुले, शिवाय मुलांचे आईकडचे आजोबा जॉर्ज. लोरीला वाईट स्वप्ने पडतात, ब्रँडनला शाळेतला एक दांडगट मुलगा छळतो. कॅसी दोघांनाही हळूच मार्ग दाखवते आणि त्यांच्या वडिलांच्याही मनात शिरते. नगराध्यक्षांची पत्नी मार्था टिन्सडेल हिला हे दुकान आणि ही बाई दोन्ही नकोत. गावाच्या संस्कृतीरक्षणाचा झेंडा तिच्या हाती आहे. शेवट काय होणार हे पहिल्या पंधरा मिनिटांत कळते, आणि ते कळावे अशीच चित्रपटाची इच्छा आहे.

प्रेक्षकांच्या चर्चेतला कळीचा प्रश्न एकच : कॅसी खरोखर चेटकीण आहे का? चित्रपट याचे उत्तर शेवटपर्यंत देत नाही. कॅसी कोणाच्याही पाठीमागे अचानक उभी राहते, समोरचा बोलायच्या आधीच त्याची अडचण ओळखते, दुकानातली नेमकी वस्तू काढून त्याच्या हातात ठेवते. पण हवेत काही तरंगत नाही, कोणी बेडूक होत नाही. प्रत्येक चमत्काराला एक सरळ स्पष्टीकरण शेजारीच ठेवलेले असते : बाई निरीक्षणात तरबेज आहे, माणसे वाचते, बोलते कमी. काही प्रेक्षकांना ही लपाछपी अतिशय आवडते. पडद्यावर जे दाखवले नाही ते आपण पुरवायचे, यातच त्यांना गंमत वाटते. इतरांना ती फसवणूक वाटते. नावात चेटकीण आणि दीड तासात एकही मंत्र नाही, अशी त्यांची तक्रार. १९६४ ते १९७२ या काळातल्या ‘बिविच्ड’ मालिकेत एलिझाबेथ मंट्गमरीची समांथा नाक हलवून घर आवरायची. त्या परंपरेत वाढलेल्यांची अपेक्षा समजण्यासारखी आहे. फरक असा की समांथा आपली जादू शेजाऱ्यांपासून लपवते, तर कॅसी काही लपवतही नाही आणि दाखवतही नाही.

हे संदिग्ध ठेवणे कलात्मक होते तितकेच ते व्यावहारिकही होते, असे वाहिनीचा इतिहास पाहता वाटते. हॉलमार्क चॅनेल हे नाव २००१ मध्ये आले. त्यापूर्वी ही वाहिनी ‘ओडिसी’ म्हणून चालत होती, आणि ओडिसीची मुळे १९८० च्या दशकातल्या दोन धार्मिक केबल वाहिन्यांत होती : एक सदर्न बॅप्टिस्ट पंथीयांची, दुसरी अनेक पंथांनी मिळून चालवलेली. तिच्या प्रेक्षकांत चर्चला नियमाने जाणारी कुटुंबे मोठ्या संख्येने होती. शिवाय काळही तसाच होता. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनच्या नोंदीनुसार २००० ते २००९ या दशकात वाचनालयांतून काढून टाकण्याची सर्वाधिक मागणी ज्या पुस्तकांबाबत झाली त्यांत ‘हॅरी पॉटर’ मालिका पहिली होती, आणि जादूटोण्याचे उदात्तीकरण हे त्यामागचे एक ठळक कारण होते. अशा वातावरणात कौटुंबिक वाहिनीवर ‘विच’ हा शब्द शीर्षकात आणणे ही जोखीमच होती.

ती जोखीम अंशतः अंगावर आली. मुलांसमोर चेटकिणीला प्रेमळ दाखवणे बायबलच्या शिकवणीविरुद्ध आहे, असे म्हणून काही श्रद्धाळू कुटुंबांनी चित्रपट नाकारला. त्याच पंथांतल्या इतर अनेकांनी मात्र तो स्वीकारला. त्यांचे म्हणणे असे की, परक्याचे स्वागत, दुबळ्याला आधार, निंदेला मौनाने उत्तर हे सगळे ख्रिस्ती सद्गुण कॅसीत आहेत आणि गावातल्या स्वतःला धार्मिक म्हणवणाऱ्यांत ते नाहीत. हा वाद चित्रपटाच्या आतल्या वादाची सहीसही नक्कल आहे. मार्था पडद्यावर जे बोलते तेच काही घरांतून टीव्हीसमोर बोलले गेले. दुकानाचे नावही यात मजेशीर भर घालते. घंटा, ग्रंथ आणि मेणबत्ती ही त्रयी मध्ययुगीन कॅथलिक चर्चमध्ये एखाद्याला बहिष्कृत करण्याच्या विधीत वापरली जाई. त्याच नावाचा १९५८ चा चित्रपट, किम नोव्हॅक आणि जेम्स स्टुअर्ट यांचा, प्रेमात पडलेल्या चेटकिणीवर आहे. जुने चित्रपट पाहणाऱ्यांना हा दुवा लगेच सापडतो. (कॅसीची भूमिका करणारीचे आडनावही बेल आहे, हा निव्वळ योगायोग असावा.)

उलट दिशेनेही एक आक्षेप येतो आणि तो अधिक विचार करायला लावणारा आहे. कॅसीला इतके निर्धोक केले आहे की तिच्यात चेटकिणीचे काही उरलेच नाही, असे म्हणणारे प्रेक्षक आहेत. वनस्पतींचे ज्ञान असलेली, एकटी राहणारी, कोणाच्या आधाराशिवाय जगणारी स्त्री समाजाला का खुपते, हा प्रश्न चित्रपट उभा करतो आणि लगेच एक सुस्वभावी विधुर देऊन मिटवून टाकतो. १६९२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील सेलम येथे चेटूक केल्याच्या आरोपावरून १९ जणांना फाशी दिले गेले. त्या इतिहासाच्या देशात ‘चेटकीण’ म्हणून एका बाईला गावाबाहेर काढण्याची मोहीम हा हलका विषय नाही. चित्रपट तो हलकाच ठेवतो. मार्थाच्या मोहिमेत द्वेषापेक्षा गडबड जास्त दिसते. हे कौटुंबिक चित्रपटाचे कर्तव्य समजायचे की पळवाट, यावर एकमत नाही. या नोंदीच्या लेखकाला ती पळवाट वाटते, पण कौशल्याने काढलेली.

‘काहीच घडत नाही’ हे वाक्य या चित्रपटाबद्दल निंदेतही येते आणि स्तुतीतही. घरात सगळ्यांनी एकत्र बसून पाहता यावे, मध्येच रिमोट शोधावा लागू नये, आजीला आणि आठ वर्षांच्या नातीला एकच गोष्ट चालावी, हे हॉलमार्कच्या प्रेक्षकाचे साधे मागणे. हिंसा नाही, शिवी नाही, चुंबनालाही मोजमाप. आजारपणात, एकटेपणात किंवा दिवसभराच्या दगदगीनंतर हा चित्रपट लावणारे प्रेक्षक त्याचा उल्लेख करमणूक म्हणून करतच नाहीत, विसावा म्हणून करतात. न आवडणाऱ्यांची यादीही याच गुणांची असते : गती मंद, संकटे कृत्रिम, मुलांच्या अडचणी एका भेटीत सुटतात, पोलीसप्रमुखाला गुन्हेच नाहीत. लोरीची वाईट स्वप्ने एका ‘ड्रीमकॅचर’ने थांबतात, हे मुलांना पटते, मोठ्यांना क्वचित. पण आई गमावलेल्या मुलीला कोणीतरी तिची भीती खरी मानून काही हातात दिले, हे त्या प्रसंगाचे खरे बळ आहे, आणि ज्यांनी तसे काही सोसले आहे ते प्रेक्षक नेमका हाच प्रसंग आठवतात.

अभिनयाबाबत मतभेद कमी आहेत. कॅथरीन बेल त्याआधी ‘जॅग’ मालिकेतली मरीन अधिकारी मॅकेन्झी म्हणून ओळखली जात होती आणि २००७ पासून ‘आर्मी वाइव्ह्ज’मध्ये दिसत होती. गणवेशातल्या करारी बाईला मंद हसताना, अर्ध्या वाक्यावर थांबताना पाहणे अनेकांना नवीन होते. हेच मंद हसू काहींना एकसुरी वाटते. कॅसीला राग येत नाही, घाई होत नाही, चूक तर जवळजवळ होतच नाही, त्यामुळे तिची काळजी वाटत नाही असे ते म्हणतात. आक्षेप बिनतोड आहे, आणि त्याचा फायदा सगळा मार्थाला मिळतो. कॅथरीन डिशरने साकारलेली ही ठसकेबाज, वरवर सभ्य आणि आतून घाबरलेली बाई चुका करते, तोंडावर पडते, पुन्हा उभी राहते. पहिल्या चित्रपटात खलनायिका असलेली मार्था पुढच्या भागांत प्रेक्षकांची लाडकी झाली आणि मालिकेत तर विनोदाचा मुख्य भार तिच्यावरच आला. नव्वदच्या दशकातली ‘एक्स-मेन’ कार्टून मालिका पाहत वाढलेल्यांसाठी एक वेगळीच मौज आहे : डिशर म्हणजे त्या मालिकेतल्या जीन ग्रेचा आवाज आणि क्रिस पॉटर म्हणजे गँबिटचा.

तुलना हा प्रेक्षकांचा आवडता उद्योग. सर्वांत जवळचे नाते ‘शोकोला’शी दिसते. जोॲन हॅरिसच्या कादंबरीवरून २००० मध्ये आलेल्या या चित्रपटातही एक परकी स्त्री कर्मठ गावात दुकान उघडते, प्रत्येक गिऱ्हाइकाला काय हवे ते ओळखते आणि गावचा प्रमुख तिच्याविरुद्ध उभा राहतो. तिथे चॉकलेट, इथे वनस्पती आणि मेणबत्त्या. ‘शोकोला’त मोह आहे, मृत्यू आहे, मिडलटनमध्ये त्यांना प्रवेश नाही. आईविना किंवा आईबापांच्या दुर्लक्षात वाढणाऱ्या मुलांच्या घरात गूढ बाई येते, घराची घडी बसवते, हा धागा ‘मेरी पॉपिन्स’शी जुळतो, मात्र मेरी पॉपिन्स निघून जाते आणि कॅसी राहते. भली चेटकीण ही कल्पना अमेरिकी घरांत रुजवण्याचे श्रेय मोठ्या प्रमाणात ‘विझर्ड ऑफ ऑझ’कडे जाते : एल. फ्रँक बॉमची १९०० ची कादंबरी आणि त्यापेक्षाही १९३९ च्या चित्रपटातली गुलाबी झग्यातली ग्लिंडा. कॅसीने तो झगा उतरवून काळे कपडे घातले, एवढा बदल पुरेसा धीट ठरला.

उत्तरभागांविषयी प्रेक्षक सरळ दोन गटांत पडतात. ‘द गुड विचेस गार्डन’ (२००९), ‘गिफ्ट’ (२०१०), ‘फॅमिली’ (२०११), ‘चार्म’ (२०१२), ‘डेस्टिनी’ (२०१३) आणि ‘वंडर’ (२०१४) असा हा क्रम. पहिला चित्रपट जानेवारीत आला होता, पण २०११ पासूनचे चारही भाग ऑक्टोबरच्या अखेरीस, हॅलोविनच्या तोंडावर आले, आणि अनेक घरांत त्या आठवड्याचा तो ठरलेला कार्यक्रम झाला. भुताखेतांशिवाय हॅलोविन साजरा करू पाहणाऱ्यांची त्याने सोय केली. मात्र गावाने कॅसीला स्वीकारल्यावर पहिल्या चित्रपटातला ताण संपला, तो परत आणायला लेखकांना दर वर्षी एखादा आगंतुक लागला : कधी वाड्यावर हक्क सांगणारा पुरुष, कधी कॅसीची चुलत बहीण ॲबिगेल (सारा पॉवर), कधी खोड काढणारा पत्रकार. ॲबिगेल मात्र उपयोगी पडली. तिच्यात थोडा खट्याळ स्वार्थ आहे, आणि कॅसीच्या चांगुलपणाला कोणीतरी धार लावायला हवी होती. पहिला भाग सर्वांत घट्ट, हे मत दोन्ही गटांत ऐकू येते.

मालिकेने जुन्या प्रेक्षकांना सर्वांत मोठा धक्का दिला तो सुरुवातीलाच. २८ फेब्रुवारी २०१५ रोजी ती सुरू झाली तेव्हा जेक रसेल मरण पावलेला होता. सात चित्रपटांत जमवलेले लग्न, मुलगी, घर. आणि आता कॅसी विधवा. शेजारी डॉक्टर सॅम रॅडफर्ड (जेम्स डेंटन) राहायला येतो आणि नव्याने सारे जुळू लागते. मालिकेपासून सुरुवात केलेल्यांना सॅमच कॅसीचा जोडीदार वाटतो. चित्रपटांपासून आलेले कित्येक जण जेकला विसरायला तयार नाहीत. कॅसीची मुलगी ग्रेस (बेली मॅडिसन) पाचव्या पर्वानंतर निघून गेली तेव्हाही असेच झाले. शिवाय मालिकेने कॅसीच्या मेरिविक घराण्यातल्या बायकांची पिढीजात अंतःप्रेरणा अधिक उघडपणे सांगायला घेतली. ज्यांना पहिल्या चित्रपटात ठोस जादू हवी होती ते खूश झाले, आणि ज्यांना न सांगितलेलेच आवडले होते ते थोडे हिरमुसले. स्वतःला ‘गुडीज’ म्हणवणाऱ्या चाहत्यांनी २०२१ मध्ये मालिका बंद होण्याला विरोध केला, तरी २५ जुलै २०२१ चा भाग शेवटचा ठरला. नवख्याने सुरुवात कुठून करावी, यावर या चाहत्यांत अजून वाद चालतो. चित्रपट आधी पाहावेत म्हणणारे जेकचा मृत्यू आधी कळू नये म्हणून तसे सांगतात, आणि मालिका आधी पाहावी म्हणणारे नेमके त्याच मृत्यूमुळे उलटा सल्ला देतात.