कैरोला जाताय? पिरॅमिडशिवाय तीन दिवस हातात ठेवा

कैरो म्हटलं की गिझाचे पिरॅमिड आठवतात. ते पाहून बरेच जण परततात आणि हजार वर्षांचं इस्लामी शहर राहून जातं. १९७९ पासून हे शहर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. रस्त्यांवर वाहनांची गर्दी असते, त्यामुळे आखणी भागवार करा.

पहिला दिवस: बाब अल-फुतूह ते बाब झुवैला हा अल-मुइझ रस्ता पायी पाहा. अंतर साधारण एक किलोमीटर, पण मशिदी, मदरसे पाहता पाहता दिवस जातो. खान अल-खलिली बाजार आणि ९७२ मध्ये बांधून झालेली अल-अझहर मशीद जवळच आहे.

दुसरा दिवस: सकाळी सलाहुद्दीन अय्युबी यांचा किल्ला, मग पायथ्याशी सुलतान हसन मशीद-मदरसा. तिथून इब्न तुलून मशीद (८७९) गाठा.

तिसरा दिवस: फुस्तातमध्ये हजरत अम्र इब्न अल-आस (रजि.) यांनी ६४२ च्या सुमारास उभारलेली आफ्रिकेतील पहिली मशीद आहे. आताची इमारत बरीच नंतरची. पुढे इमाम शाफई (रह.) यांची मजार. कोकणी मुस्लिम शाफई मसलकचे, त्यामुळे त्यांच्यासाठी ही जियारत खास.

लक्षात ठेवा: नोव्हेंबर ते मार्च हवा बरी असते. व्हिशाचे नियम निघण्याआधी तपासा. जुम्म्याच्या नमाजच्या वेळी मशिदी पाहण्याचा बेत नको. अंगभर कपडे घाला. महिलांनी ओढणी सोबत ठेवावी.