प्रवेश परीक्षांतील एकाधिक गुणांक

एकाधिक गुणांक म्हणजे एकाच विद्यार्थ्याने दिलेल्या अनेक प्रवेश परीक्षांचे, अथवा एकाच परीक्षेतील अनेक प्रयत्नांचे गुण. महाराष्ट्रातील अभियांत्रिकी प्रवेशात त्यांपैकी कोणते ग्राह्य धरावेत, हे महाविद्यालय ठरवीत नाही. शासनाचे प्रवेश नियम ठरवितात. सोलापूरच्या वालचंद तंत्रज्ञान संस्थेसारख्या महाविद्यालयांतील बहुतेक जागा केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून भरल्या जातात.

इतिहास

२०१४ व २०१५ मध्ये बारावी आणि जेईई मेन यांना प्रत्येकी ५० टक्के भार होता. २०१६ पासून एमएचटी-सीईटी पुन्हा मुख्य आधार ठरली.

शततमक

२०१९ पासून सीईटी संगणकावर अनेक सत्रांत होते. प्रश्नपत्रिका वेगवेगळ्या असल्याने मूळ गुणांऐवजी शततमक, म्हणजेच पर्सेंटाइल, विचारात घेतात. विद्यार्थ्याइतके किंवा त्याहून कमी गुण मिळविणाऱ्यांचे त्या सत्रातील शेकडा प्रमाण म्हणजे शततमक. त्यामुळे ९० शततमक म्हणजे ९० टक्के गुण नव्हेत. सीईटी व जेईईचे शततमक एकमेकांत मिळविले जात नाहीत.

सर्वोत्तम प्रयत्न

जेईई मेन २०१९ पासून वर्षातून एकाहून अधिक वेळा होते. क्रमवारीसाठी सर्वोत्तम एकूण गुणांक धरतात. त्यामुळे नंतरचा प्रयत्न बिघडला तरी आधीचा गुणांक टिकतो. मात्र एका प्रयत्नातील गणित आणि दुसऱ्यातील रसायनशास्त्र यांची बेरीज करता येत नाही. अमेरिकेतील अनेक महाविद्यालये एसएटीबाबत विभागनिहाय अशी बेरीज करतात. तिला सुपरस्कोअर म्हणतात. एमएचटी-सीईटीही २०२६ पासून दोनदा घेण्याचा निर्णय राज्य शासनाने जाहीर केला.