आमरीचे गृहसंगोपन : एका चुकीचा इतिहास

घरी लावलेली आमरी, म्हणजेच ऑर्किड, आजही बहुधा मरते ती अतिपाण्याने. ही चूक जुनी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भारतासह उष्ण प्रदेशांतून इंग्लंडला नेलेली असंख्य रोपे तापलेल्या, कोंदट काचगृहांत कुजली. उष्ण देशातील वनस्पतीस सदैव दमट उष्माच हवा, असा विद्वानांचा समज होता. १८३० च्या दशकात चॅट्सवर्थ येथे जोसेफ पॅक्स्टनने हवा खेळती ठेवली, तेव्हा ती तगू लागली. सह्याद्रीत फांदीवर उघड्या मुळांनी वाढणारी 'सीतेची वेणी' पाहणाऱ्यास यात नवल कसले? पुसेगावच्या कोरड्या उन्हाळ्यात मात्र प्रश्न उलटतो : कुंडीत माती नव्हे, कोळसा व नारळाची सोडणे घालावीत, मुळे मोकळी, भोवतालची हवा तेवढी ओलसर राखावी.