जुन्या नकाशांतले किल्ले ताऱ्यासारखे का दिसतात?

ताऱ्याच्या आकाराच्या किल्ल्यांचे जुने नकाशे सोशल मीडियावर अधूनमधून व्हायरल होतात. सोबत ‘हरवलेल्या प्रगत संस्कृती’चे दावेही फिरतात. प्रत्यक्षात हा आकार तोफांमुळे आला.

आकारामागचं कारण काय?

पंधराव्या शतकाच्या अखेरीस तोफांपुढे उंच तटबंदी टिकेनाशी झाली. शिवाय गोल बुरुजाच्या अगदी पायथ्याशी पोहोचलेला शत्रू वरून होणाऱ्या माऱ्यातून सुटायचा. म्हणून इटलीतल्या अभियंत्यांनी बुटक्या, जाड भिंती आणि टोकदार बुरूज बांधले. त्यामुळे प्रत्येक बुरुजावरून शेजारच्या बुरुजाच्या भिंतीलगत मारा करता येऊ लागला.

मग तारा प्रतीक कसा बनला?

जमिनीवरून हा तारा दिसत नाही. दिसतात ते फक्त खंदक आणि मातीचे उतार. पूर्ण आकार दिसतो तो नकाशात. त्यामुळे असे नकाशे बांधकामापुरते उरले नाहीत, ते सत्तेची जाहिरातही ठरले.

इटलीतलं पाल्मानोव्हा हे याचं ठळक उदाहरण. व्हेनिसने ७ ऑक्टोबर १५९३ रोजी, म्हणजे लेपांतोच्या विजयाच्या (१५७१) वर्धापनदिनी, त्याची पायाभरणी केली. नऊ टोकांचा तारा आणि मधोमध षट्कोनी चौक अशी त्याची रचना. ब्राउन आणि होगेनबर्ग यांच्या प्रसिद्ध नकाशासंग्रहातही ते छापलं गेलं.

कागदावर हे आदर्श शहर होतं, पण तिथे राहायला लोकच येईनात. अखेर १६२२ मध्ये व्हेनिसने कैद्यांना माफी देऊन तिथे वसवायचं ठरवलं. आज पाल्मानोव्हा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.