हवाई जहाज वाशीमला उतरेल का?

वाशीम जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही. त्यामुळे धावपट्टीवाचून उतरू शकणारे उडते वाहन लवकरच येत आहे, असे कुठे छापून आले की आपल्या विद्यार्थ्यांचे कुतूहल जागे होणे साहजिक आहे. ‘हवाई जहाजे परत येणार’ ही बातमी गेली तीस-चाळीस वर्षे अधूनमधून येतच असते. हिंदीत साध्या विमानालाही हवाई जहाज म्हणतात. येथे आपल्याला अभिप्रेत आहे ते एअरशिप, म्हणजे हवेपेक्षा हलक्या वायूने तरंगणारे, पण इंजिनांनी पुढे जाणारे आणि सुकाणूने वळणारे वाहन.

या वाहनाचा शेवट का झाला, याचे उत्तर आपण वर्गात एका वाक्यात देतो. ६ मे १९३७ रोजी अमेरिकेत लेकहर्स्ट येथे ‘हिंडेनबर्ग’ जळाले, ३६ माणसे मेली, कारण त्यात ज्वालाग्राही हायड्रोजन होता. यावरून विद्यार्थी पुढचा निष्कर्ष आपोआप काढतो : आता न जळणारा हेलियम आहे, तेव्हा अडचण संपली. हा निष्कर्ष इतिहासावर तपासून पाहिला पाहिजे. त्यासाठी फार लांब जायला नको. या इतिहासाचा एक धागा थेट महाराष्ट्रात येतो.

नाशिकचा मंत्री आणि कराचीची शेड

ख्रिस्तोफर बर्डवुड थॉमसन हे १८७५ साली नाशिक येथे एका लष्करी कुटुंबात जन्मले. पुढे ते ब्रिटनचे हवाईमंत्री झाले. इंग्लंडहून वसाहतींकडे हवाई जहाजांची वाहतूक सुरू करण्याची मोठी योजना त्यांच्याच काळात, १९२४ मध्ये, हाती घेण्यात आली. दोन जहाजे बांधायची ठरली. ‘आर १००’ हे खाजगी कंपनीने आणि ‘आर १०१’ हे सरकारी कारखान्याने. पहिल्याने कॅनडाची व दुसऱ्याने भारताची वाट धरायची होती.

भारतातील मुक्काम होता कराची. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यातच होता. तो वेगळा झाला १९३६ साली. म्हणजे भारतातले हवाई जहाजांचे पहिले ठाणे मुंबई इलाख्यात उभे राहिले, असे म्हणता येते. तेथे जहाज बांधून ठेवण्यासाठी उंच मनोरा उभारला गेला आणि सुमारे ८५० फूट लांब व १७० फूट उंच अशी प्रचंड शेड बांधली गेली.

इकडे इंग्लंडमध्ये ‘आर १०१’ तयार झाले, तेव्हा त्याची उचलण्याची शक्ती अपेक्षेपेक्षा कमी भरली. उष्ण प्रदेशात पेट्रोलची वाफ धोक्याची ठरेल म्हणून डिझेल इंजिने निवडली होती आणि ती फार जड होती. भारतापर्यंतचे इंधन घेऊन जायचे तर हे चालण्यासारखे नव्हते. मग जहाज मधोमध कापून त्यात एक जादा भाग आणि वायूची आणखी एक पिशवी बसवण्यात आली. लांबी ७७७ फूट झाली. या बदलानंतर खराब हवेत, पूर्ण वेगाने चाचणी घ्यायला हवी होती. ती झाली नाही. लॉर्ड थॉमसन यांना भारताची फेरी करून ऑक्टोबरमधल्या साम्राज्य परिषदेसाठी लंडनला परतायचे होते.

४ ऑक्टोबर १९३० च्या संध्याकाळी, हवा बिघडत असताना, जहाज निघाले. मध्यरात्रीनंतर दोनच्या सुमारास फ्रान्समध्ये बोव्हे गावाजवळ ते खाली आले आणि पेटले. ५४ जणांपैकी ४८ मृत्यू पावले. त्यांत थॉमसनही होते. चौकशी झाली ती सर जॉन सायमन यांच्या अध्यक्षतेखाली. ‘सायमन परत जा’ या घोषणांनी १९२८ मध्ये भारताने ज्यांचे स्वागत केले, तेच हे सायमन. वादळी हवेत पुढच्या भागातील वायू निघून गेला आणि नाक खाली झुकले, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. आग लागली ती जमिनीवर आदळल्यानंतर.

कॅनडाची फेरी यशस्वीपणे करून आलेले ‘आर १००’ सुद्धा १९३१ मध्ये मोडीत काढले गेले. कराचीच्या शेडमध्ये एकही जहाज कधी आले नाही. मात्र १५ ऑक्टोबर १९३२ रोजी याच कराचीहून जे. आर. डी. टाटा एका लहानशा विमानात सुमारे २५ किलो टपाल घेऊन निघाले आणि अहमदाबादमार्गे मुंबईत जुहूला उतरले. विमानाने बाजी मारली होती.

हेलियम होता, तरीही

आता हेलियमकडे वळू. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात भारतातून घेतलेल्या वेधांमध्ये ज्याची पहिली चाहूल लागली, तेच हे मूलद्रव्य. १९२० च्या दशकात ते मोठ्या प्रमाणावर फक्त अमेरिकेजवळ होते. अमेरिकन नौदलाने आपल्या जहाजांत हेलियमच भरला. ‘शेननडोआ’ १९२५ मध्ये ओहायो राज्यावर वादळात सापडून तुटले. १४ जण गेले. ‘अ‍ॅक्रन’ ४ एप्रिल १९३३ रोजी वादळात समुद्रात कोसळले. ७६ पैकी ७३ जण गेले. हा आकडा हिंडेनबर्गच्या दुपटीहून अधिक आहे आणि येथे ज्वाळेचा संबंधच नव्हता. ‘मेकन’ १९३५ मध्ये समुद्रात पडले.

याउलट जर्मनीचे ‘ग्राफ झेपेलिन’ हायड्रोजनवर चालत होते. १९२८ ते १९३७ या काळात त्याने ५९० उड्डाणे केली आणि एकाही प्रवाशाला इजा झाली नाही. त्याचे कप्तान ह्यूगो एकेनर हवामानाचा बारकाईने अभ्यास करीत आणि वादळाला वळसा घालून जात.

हायड्रोजन निर्धोक होता, असा याचा अर्थ नाही. अर्थ एवढाच, की वायू बदलल्याने आगीचा धोका जातो, वाऱ्याचा जात नाही. दोनशे मीटर लांबीचे हलके शरीर वाऱ्यापुढे मांडणे, हीच या वाहनाची मूळ अडचण आहे.

वाशीमचे गणित

दुसरी अडचण उष्णतेची. ती विद्यार्थ्यांना स्वतः मोजता येते. समुद्रसपाटीवर, १५ अंश सेल्सिअस तापमानाला एक घनमीटर हवेचे वजन सुमारे १.२२५ किलो असते, हेलियमचे ०.१६९ किलो. आर्किमिडीजच्या तत्त्वाप्रमाणे फरक उरतो १.०५६ किलो. एक घनमीटर हेलियम एवढेच उचलतो. हायड्रोजन सुमारे १.१४ किलो उचलतो, म्हणजे फार जास्त नाही.

आता वाशीमला या. उंची सुमारे ५५० मीटर, म्हणून हवेचा दाब समुद्रसपाटीच्या ९४ टक्क्यांच्या आसपास. मे महिन्यातली दुपार ४२ अंशांची धरू. केल्व्हिनमध्ये २८८ चे ३१५ झाले. २८८ भागिले ३१५ म्हणजे ०.९१. दोन्हींचा गुणाकार सुमारे ०.८६ येतो. म्हणजे तोच घनमीटर येथे सुमारे ०.९ किलोच उचलेल.

एक लाख घनमीटरचे जहाज घेतले, तर इंग्लंडच्या थंड हवेत ते सुमारे १०५ टन उचलेल, वाशीमला ९० टन. वरवर पाहता हा तोटा १४ टक्क्यांचा. पण जहाजाचा सांगाडा, इंजिने आणि इंधन यांचे वजन ६५ टन धरले, तर ते उन्हाने कमी होत नाही. मालासाठी तिकडे ४० टन उरतात आणि इकडे २५. सगळा तोटा मालाच्याच वाट्याला येतो. ‘आर १०१’ च्या अभियंत्यांना भारताच्या उन्हाची काळजी का वाटत होती, हे यावरून कळते.

आणखी एक पायरी पुढे जाऊ. हा २५ टनांचा माल खाली उतरवला, की जहाज तेवढे हलके होऊन वर उसळणार. हेलियम सोडून द्यावा तर तो महाग, आणि भारताला तो आयात करावा लागतो. मग उतरवलेल्या मालाइतकेच वजन चढवले पाहिजे. नेहमीचा उपाय म्हणजे पाणी. २५ टन म्हणजे २५ हजार लिटर, दहा हजार लिटरचे अडीच टँकर. कोरड्या वर्षी मे महिन्यात जेथे माणसे टँकरची वाट पाहतात, तेथे एका जहाजासाठी दर खेपेला अडीच टँकर कोण देणार? त्यातच दुपारनंतर वळवाचे ढग जमतात आणि वावटळ सुटते, ती वेगळीच.

दुसरी रिकामी शेड

हे सारे अलीकडच्या अभियंत्यांना माहीत नव्हते असे नाही. जर्मनीत १९९६ मध्ये ‘कार्गोलिफ्टर’ नावाची कंपनी निघाली. १६० टन माल उचलणारे जहाज बांधण्याचा तिचा संकल्प होता. बर्लिनच्या दक्षिणेस ३६० मीटर लांब आणि १०७ मीटर उंच शेड बांधून झाली. जहाज मात्र झाले नाही. २००२ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले आणि २००४ पासून त्या शेडमध्ये कृत्रिम समुद्रकिनारा असलेले सहलीचे ठिकाण सुरू झाले. कराचीनंतरची ही दुसरी रिकामी शेड.

मग परत येणार काय?

तरीही प्रयत्न थांबलेले नाहीत आणि त्यामागे सबळ कारण आहे. तरंगत राहण्यासाठी इंधन जाळावे लागत नाही. सावकाश जायचे तर इंधन थोडेच लागते, कारण हवेला कापत जाण्यासाठी लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग निम्मा केला, की शक्ती आठव्या हिश्श्यावर येते. कार्बन उत्सर्जनाची चिंता वाढल्यावर या गुणाकडे पुन्हा लक्ष गेले. अमेरिकेत ‘पाथफाइंडर १’ हे सुमारे १२४ मीटर लांबीचे हेलियमचे जहाज ऑक्टोबर २०२४ मध्ये मोकळ्या आकाशात उडाले. मुंबईत पवईच्या आय. आय. टी. मध्ये प्रा. राजकुमार पंत यांच्या मार्गदर्शनाखाली छोटी दूरनियंत्रित जहाजे बनवली गेली. ३ मे २०२५ रोजी संरक्षण संशोधन संस्थेने मध्य प्रदेशात श्योपूर येथून एक जहाज सुमारे १७ किलोमीटर उंचीवर पाठवले. ६२ मिनिटांचे ते उड्डाण होते. त्या उंचीवर हवा इतकी विरळ असते, की उचल जमिनीवरच्या नवव्या हिश्श्याइतकीच मिळते. म्हणून असे जहाज पोत्यांऐवजी उपकरणे नेते. वादळे मात्र खालीच राहतात. टेहळणी, संदेशवहन, जमिनीचे निरीक्षण ही कामे ते उपग्रहापेक्षा पुष्कळ जवळून करू शकेल.

आता वाशीमच्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. येथील सोयाबीन, तूर आणि कापूस यांना अकोला–पूर्णा ब्रॉडगेज आहे. कारंजा, मंगरूळपीर व मालेगाव तालुक्यांतून जाणारा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण लांबीने खुला झाला आहे. पोते हे भागांत विभागता येणारे ओझे आहे. त्याला ट्रक पुरतो. जहाजाला अर्थ आहे तो तोडता न येणाऱ्या अवजड वस्तूंसाठी आणि रस्ता नसलेल्या डोंगराळ भागांसाठी. तेव्हा वाशीमला हवाई जहाज उतरण्याची शक्यता थोडी. ते आकाशात उंच थांबून खालच्या शेतांचे आणि तलावांचे निरीक्षण करील, ही शक्यता त्याहून बरीच जास्त.

शिक्षकांनी वरचे गणित वर्गात जरूर करून घ्यावे. जानेवारीतल्या पहाटेचे तापमान घातल्यावर उत्तर किती बदलते, हे विद्यार्थ्यांनाच काढू द्यावे. पुढच्या वेळी ‘हवाई जहाजे परत येणार’ अशी बातमी आली, की ते आपणहून विचारतील : किती उंचीवर, किती तापमानाला, आणि माल उतरवल्यावर वजन कशाचे?