चिकटून राहणारी पिल्लं : डिस्कसपासून मूलच्या मरळीपर्यंत

मागच्या वेळी मामा तलावांवर बोलून झालं आणि एका तरुण श्रोत्यानं वेगळाच प्रश्न विचारला. घरच्या काचेच्या टाकीत डिस्कसची जोडी अंडी घालते, पिल्लं निघतात, पण आईबापाला चिकटत नाहीत आणि मरतात, काय करावं? सभागृहात थोडा हशा झाला. आम्हाला मात्र वाटलं की हा प्रश्न मूलच्या इतिहासाचाही आहे. म्हणून आज तिथूनच सुरुवात करू.

डिस्कस हा ॲमेझॉन खोऱ्यातला, ताटलीसारखा चपटा मासा. १८४० साली ऑस्ट्रियाच्या योहान याकोब हेकेल यांनी त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. पुढे हौशी लोक तो पाळू लागले. पालक पिल्लांना खातात, म्हणून पिल्लं वेगळी काढायची, ही हौशी लोकांची नेहमीची रीत. डिस्कसच्या बाबतीत हीच रीत घातक ठरते. का, ते १९५९ साली हिल्डमन या अमेरिकी शास्त्रज्ञाच्या निबंधानं नीट मांडलं. ही पिल्लं आईबापाच्या अंगावरचा बुळबुळीत स्राव खाऊन वाढतात. इंग्लंडमधल्या प्लिमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० साली दाखवलं की त्या स्रावात प्रथिनं असतात, रोगाशी लढणारी प्रतिपिंडं असतात. म्हणजे जवळजवळ दूधच म्हणा ना! तिसऱ्या आठवड्यापासून पालक स्वतःच पिल्लांपासून दूर जाऊ लागतात.

आता त्या तरुणाला उत्तर. पोहायला लागलेलं पिल्लू जवळच्या गडद आकाराकडे जातं. एरवी तो आकार आईबापाचाच असतो, कारण त्या दिवसांत त्यांचं अंग काळसर होतं. पण टाकीत काळा हीटर, काळा स्पंज, गडद पडदा असला की पिल्लू फसतं. तेव्हा टाकी मोकळी ठेवा, मागची बाजू फिकट ठेवा, पाण्याची पातळी कमी करा, हवेचा जोर मंद करा, रात्री बारीक दिवा राहू द्या. आणि दर पाच मिनिटांनी टाकीपुढे जाऊन उभे राहू नका. मधे येतं ते काढायचं आणि आपण बाजूला व्हायचं, इतकंच आपलं काम.

हेच काम आपल्या तलावांवर आपण केलं का?

मूलच्या आसपास पावसाळ्यात तलावाच्या काठाशी, गवतात, मरळ घर करते. अंडी पाण्यावर तरंगतात. पिल्लं निघाली की त्यांचा तांबूस थवा पाण्यावर खळबळत फिरतो आणि खाली पालक राखण करत असतो. मरळीची पिल्लं अंगावरचा स्राव खात नाहीत, हा फरक लक्षात ठेवा. पण पालकाला गळ लागला की थवा उघडा पडतो. तो थवा पाहूनच खालची मोठी मरळ कुठे आहे ते कळतं, हीच खरी अडचण.

आता इतिहास बघा. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजानं आणि इतरांनी धानासाठी हे तलाव बांधले. पुढे ते मालगुजारांकडे राहिले. १९५१ साली मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे आले आणि ‘माजी मालगुजारी’ म्हणजे मामा झाले. सहा वर्षांनी, १९५७ साली, ओडिशात हिरालाल चौधरी यांनी इंजेक्शन देऊन कार्प माशांचं प्रजनन घडवलं. त्याआधी रोहू, कटला यांचं बीज नदीतून धरून आणावं लागे, कारण हे मासे साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. आता बीज केंद्रात तयार होऊ लागलं. ढिवर बांधवांच्या संस्थांना त्याचा फायदा झाला, हे नाकारून चालणार नाही.

पण रोहू, कटला अंडी टाकून निघून जाणारे मासे. त्यांच्या बीजाला आईबाप लागत नाहीत, डबा लागतो. त्या हिशोबात मरळ ठरली बीज खाणारी, शत्रू. मत्स्यपालनाच्या पुस्तकांत बीज सोडण्याआधी असे मासे काढून टाकायला सांगितलेलं असतं. त्यासाठी मोहाची पेंडही सुचवलेली असते. ज्या मोहावर आपली गावं जगली, त्याचीच पेंड! आणि शेजारच्या तेलंगणानं मात्र याच मरळीला राज्यमासा केलं.

आम्ही असं म्हणत नाही की रोहू नको. आमचं म्हणणं एवढंच, की बीज विकत आणता येतं, राखण विकत आणता येत नाही. निदान आषाढ-श्रावणात काठाचं गवत थोडं राहू द्या. आणि तांबूस थवा दिसला तर गळ वर घ्या. त्या तरुणाला टाकीसाठी जे सांगितलं, तेच तलावालाही लागू आहे.

आता प्रश्न विचारा.